अग्रलेखातील कर्ता कोण?

गेल्या अंकात या सदरात मी एक वाक्य ओघात लिहून गेलो होतो: युद्ध सुरू झाले की अग्रलेखात सर्वांत आधी बदलतात ती क्रियापदे. त्यावर नागपूर आणि परिसरातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी सकाळी दोन मराठी वृत्तपत्रे येतात. एकाच हवाई हल्ल्यावर एकाने 'चोख प्रत्युत्तर' असा अग्रलेख लिहिला, तर दुसऱ्याने 'निरपराधांवर हल्ला' असा. दोन्ही अग्रलेख मी बारकाईने वाचले. तपशिलाची चूक एकातही सापडली नाही. मग वाचकाने पक्षपात ओळखायचा कसा? मी एकतीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकवले आहे, त्याचा येथे काही उपयोग होईल का?
(निवृत्त शिक्षिका, धंतोली)

आपण व्याकरणाच्या शिक्षिका आहात हे फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी प्रयोगविचारातच आहे. इंग्रजी वृत्तपत्रांची चिकित्सा करणारे लोक एक सल्ला हमखास देतात, तो असा की कर्मणी प्रयोगापासून सावध राहावे, कारण त्यात मारणारा गळून पडतो आणि मेलेला तेवढा उरतो. हा सल्ला मराठीला जसाच्या तसा लावला तर फसगत होते. 'सैनिकांनी गावावर बाँब टाकले' हे वाक्य मराठीत कर्मणीच आहे, कारण क्रियापद बाँबच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. तरीही टाकणारे सैनिक वाक्याच्या दारातच उभे आहेत. उलट 'गावावर बाँब पडले' हे वाक्य निखळ कर्तरी आहे, फक्त त्यातला कर्ता बाँब आहे. पाऊस पडावा, गारा पडाव्यात, तसे बाँब पडले. मराठी अग्रलेखात हात झटकले जातात ते प्रयोग बदलून नव्हे, तर 'करणे', 'मारणे', 'टाकणे' यांच्या जागी 'होणे', 'पडणे', 'जाणे' आणून.

नमुन्यासाठी मी स्वतःच चार वाक्ये रचतो. 'सैनिकांनी शाळेवर तोफा डागून वीस मुले मारली.' 'शाळेवरील हल्ल्यात वीस मुले ठार झाली.' 'संघर्षात वीस मुलांचा मृत्यू झाला.' 'या भागात जीवितहानी झाली.' चारही वाक्ये खरी असू शकतात. पहिल्यात मारणारे आहेत. दुसऱ्यात हल्ला आहे, पण हल्लेखोर नाहीत. तिसऱ्यात हल्ल्याचाही 'संघर्ष' झाला आहे, म्हणजे दोष दोघांत वाटला गेला आहे. आणि चौथ्यात मुलेसुद्धा उरलेली नाहीत, उरली आहे ती 'हानी', जी अवकाळी पावसानेही होते. आता आपल्या घरचे दोन्ही अग्रलेख पुन्हा हाती घ्या आणि पेन्सिलीने केवळ क्रियापदे अधोरेखित करा. एका बाजूच्या मृतांसाठी पहिल्या प्रकारचे वाक्य आणि दुसऱ्या बाजूच्या मृतांसाठी तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारचे, अशी वाटणी आढळली तर लेखकाचा पक्ष कळायला मथळ्याची गरज पडत नाही. विशेषणांकडे मी मुद्दाम नंतर वळतो. 'क्रूर', 'भ्याड', 'शूर' ही विशेषणे वाचकाला दिसतात, म्हणून तो सावध असतो. 'झाले' हे क्रियापद कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही.

आपण सांगितलेल्या 'प्रत्युत्तर' या शब्दाचे काम निराळे आहे. तो शब्द कथेचा आरंभबिंदू ठरवतो. उत्तर म्हटले की आधी प्रश्न असणारच. त्यामुळे 'प्रत्युत्तर', 'धडा शिकवणे', 'जशास तसे' हे शब्द वापरताच आदले पाऊल समोरच्याचे ठरते, आणि 'कुरापत', 'आगळीक', 'खोडी' हे शब्द वापरताच त्याच्याही आदले पाऊल पुसले जाते. यामागे भाषेइतकाच कायद्याचाही भाग आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाचा वापर सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरवला आणि ५१ व्या कलमाने स्वसंरक्षणाचा अधिकार तेवढा शिल्लक ठेवला. तेव्हापासून आपण चढाई केली असे कोणतेही सरकार म्हणत नाही. प्रत्येक जण स्वतःचे रक्षणच करत असतो. ब्रिटनचे 'वॉर ऑफिस'ही १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झाले. सरकारी पत्रकातला शब्द वृत्तसंस्थेकडे, तेथून उपसंपादकाच्या टेबलावर आणि तेथून अग्रलेखात येतो. वाटेत त्याच्याकडे ओळखपत्र कोणी मागत नाही.

आणखी एक गोष्ट मराठीत दिसते जी इंग्रजीत दिसूच शकत नाही. 'अध्यक्ष म्हणाले' आणि 'अध्यक्ष म्हणाला' यांत केवळ एका स्वराचे अंतर आहे, पण त्या अंतरात संपूर्ण परराष्ट्रधोरण मावते. कालपर्यंत आदरार्थी बहुवचनात बोलणारा परदेशी नेता आज एकवचनात बोलू लागला की संपादकमहाशयांनी त्याच्याशी संबंध तोडले असे समजावे. त्याचे 'सरकार' त्याच सुमारास 'राजवट' होते, त्याचे 'सहकारी' 'साथीदार' होतात, आणि तो एखाद्या संघटनेचा असेल तर 'नेता' मागे पडून 'म्होरक्या' पुढे येतो. बोलण्याची क्रियापदेही अशीच वाटली जातात: आपले 'स्पष्ट करतात', त्यांचे 'दावा करतात', आपले 'मान्य करतात', त्यांचे 'कबुली देतात'.

शेवटची खूण 'असले तरी' ही. 'नागरिकांचे मृत्यू दुर्दैवी असले, तरी राष्ट्राच्या सुरक्षेला पर्याय नसतो' हे वाक्य उलटे करून पाहा: 'राष्ट्राच्या सुरक्षेला पर्याय नसला, तरी नागरिकांचे मृत्यू दुर्दैवी आहेत.' शब्द तेच, माहिती तीच. पण 'तरी'च्या आधीचे बुडते आणि नंतरचे तरते. एकाच बाजूचे मृत्यू दर वेळी 'तरी'च्या आधी येत असतील, तर तो योगायोग नसतो. एकतीस वर्षांच्या व्याकरणाचा उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांना आपल्यासारख्या वाचकांचीच धास्ती असते.

प्रश्न : साहेब, जय हिंद. मी सैन्यातून निवृत्त झालो असून कामठीला स्थायिक आहे. आमच्या सोबत्यांना वृत्तपत्रे 'शहीद' म्हणतात, कधी 'हुतात्मा', कधी 'धारातीर्थी पडले' म्हणतात. समोरच्या सैनिकाला मात्र 'कंठस्नान घातले', 'खात्मा केला' असे लिहितात. आम्ही सैनिक असे बोलत नाही. यातला योग्य शब्द कोणता?

आपल्या पत्रातले 'आम्ही सैनिक असे बोलत नाही' हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. 'शहीद' ही आपल्या सैन्याची अधिकृत संज्ञा नाही, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. कागदोपत्री 'बॅटल कॅज्युअल्टी' असाच कोरडा शब्द असतो, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. 'शहीद' मूळचा अरबी, साक्ष देणारा या अर्थाचा. त्याला मराठी प्रतिशब्द म्हणून 'हुतात्मा' रूढ झाला, तो सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या मोहिमेतून. त्यात यज्ञात आहुती पडल्याची कल्पना आहे. 'धारातीर्थी' यात तलवारीच्या धारेलाच तीर्थ मानले आहे. म्हणजे तिन्ही शब्दांत मृत्यूला धार्मिक विधीचे रूप येते, आणि ज्याला विधीचे रूप आले त्याच्याविषयी 'हा मृत्यू टाळता आला असता का' असे विचारणे अशिष्ट ठरते. गाफीलपणामुळे किंवा सदोष साहित्यामुळे गेलेला जवानही 'धारातीर्थी पडला' असे लिहिले की चौकशीचा प्रश्न अग्रलेखातून आपोआप बाहेर जातो. त्या शब्दाने सन्मान होतो तो खराच. पण त्याच वेळी कोणाची तरी सोयही होते.

'कंठस्नान घातले' या प्रयोगाची गंमत अशी की तो जुन्या रणवर्णनांतून आला आहे आणि आज तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तलवार संग्रहालयातच पाहिलेली असते. तीस किलोमीटरवरून तोफगोळा टाकणाऱ्याने कोणाच्या कंठाला स्नान घातलेले नसते. वीररसाचा हा उसना पोशाख आधुनिक युद्ध जवळचे, समोरासमोरचे आणि म्हणून न्याय्य भासवतो. माझे मत विचाराल तर 'युद्धात मृत्यू आला' किंवा 'लढताना मारले गेले' असे दोन्ही बाजूंसाठी लिहावे, आणि श्रद्धांजलीच्या वेगळ्या लेखात हवा तो गौरव करावा. अर्थात हे मत मी कचेरीत असताना तीन वेळा मांडले आणि तिन्ही वेळा हरलो.

प्रश्न : सर, मी नागपूर विद्यापीठात पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. अग्रलेख ही बातमी नव्हे; ते मत असते, आणि मताला बाजू असणारच. मग अग्रलेखातील पक्षपात हा दोष कसा मानायचा? तटस्थ अग्रलेख लिहायचा असेल तर तो लिहायचाच कशाला?

तुमचा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर 'दोष नाही' असेच आहे. बाजू घेणे हा अग्रलेखाचा दोष असता तर आपण 'केसरी'ची आठवण कशाला काढली असती? मुझफ्फरपूर येथील बाँबस्फोटानंतर १२ मे १९०८ रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्यावरून टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने त्या खटल्याचा एक पैलू अवश्य अभ्यासावा: टिळकांच्या बचावाचा मोठा भाग भाषांतरावर होता. सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दांना दिलेले इंग्रजी प्रतिशब्द मूळ अर्थापेक्षा जहाल आहेत, आणि ज्युरीतील बहुसंख्यांना मराठी येत नसल्याने ते भाषांतरावरच निर्णय देणार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अग्रलेखाचा निवाडा शब्दकोशाच्या पानांवर होत होता. पण त्या अग्रलेखांत बाजू उघड होती. लेखक कोणासाठी बोलतो आहे याविषयी वाचक अंधारात नव्हता.

प्रश्न उद्भवतो तो शब्द युक्तिवादाच्या जागी येऊन बसतो तेव्हा. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडील संहारक शस्त्रांविषयी निवेदन केले. दुसऱ्या दिवशी 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या अग्रलेखाचा मथळा एकाच शब्दाचा होता. त्याचा मराठी अर्थ 'निर्विवाद', किंवा जुन्या पंडिती भाषेत 'अखंडनीय'. युद्ध झाले, आणि शस्त्रांचे ते साठे सापडले नाहीत. त्या अग्रलेखाने युद्धाची बाजू घेतली याला माझी हरकत नाही. त्याने 'मला हे पटले' असे म्हणायच्या जागी 'याचे खंडन होऊच शकत नाही' असे म्हटले, याला आहे. पहिल्या वाक्यात संपादक स्वतः जबाबदारी घेतो, दुसऱ्यात ती पुराव्यावर टाकतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पुढे मे २००४ मध्ये इराकविषयीचे आपले काही वृत्तांकन जितके काटेकोर असायला हवे होते तितके नव्हते, अशी संपादकीय टीप छापली.

दुसरे उदाहरण ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड बेटांच्या युद्धाचे. ही बेटे अर्जेंटिनात 'माल्विनास' म्हणून ओळखली जातात, म्हणजे नाव उच्चारतानाच बाजू ठरते. १९८२ मध्ये बीबीसीचे वार्ताहर 'आपले सैन्य' असे न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हणतात, यावरून सत्ताधारी पक्षातून जोरदार टीका झाली. त्याच वर्षी मे महिन्यात 'सन' या ब्रिटिश दैनिकाने अग्रलेख लिहून बीबीसीचा एक निवेदक, 'गार्डियन' आणि 'डेली मिरर' यांच्यावर राष्ट्रद्रोहाचा आरोप केला, आणि 'मिरर'ने दुसऱ्याच दिवशी त्याला तितक्याच जहरी अग्रलेखाने उत्तर दिले. एका सर्वनामाच्या अभावावरून देशद्रोह ठरतो, हे त्या प्रकरणातले शिकण्यासारखे आहे.

मराठीत हे सर्वनाम आणखी धारदार आहे, कारण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. जुना अग्रलेखकार 'आम्ही' लिहीत असे. त्यात वाचक बाहेर राहत असे, सहमत व्हायला किंवा न व्हायला मोकळा. 'आपण आता मागे हटता कामा नये' असे वाक्य आले की वाचकाला न विचारता त्याची भरती झालेली असते. तुम्ही अग्रलेख लिहायला बसाल तेव्हा युद्धाच्या वाक्यात 'आपण' आला की थोडे थांबा, आणि तो 'सरकार' या शब्दाने बदलून पाहा. वाक्य तरीही खरे वाटले तर ठेवा.

एक कबुलीही देतो. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले तेव्हा मी रात्रपाळीचा उपसंपादक होतो. टेलिप्रिंटरवरून येणाऱ्या मजकुराचे भाषांतर करताना अमेरिकेच्या आघाडीला मी सर्रास 'दोस्त फौजा' लिहीत गेलो, कारण दुसऱ्या महायुद्धापासून 'अलाइड फोर्सेस' या इंग्रजी शब्दांचे हेच मराठी रूढ होते. पहाटे मुख्य उपसंपादकांनी पान वाचून शांतपणे विचारले, "कोणाचे दोस्त? भारत तर या आघाडीत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कोणाची बाजू घेतली नव्हती. माझ्या हातातल्या शब्दाने पन्नास वर्षांपूर्वीच ती घेऊन ठेवली होती.

प्रश्न : आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. माझा मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी सीताबर्डीच्या किल्ल्याची माहिती काढत होता. एका जुन्या इंग्रजी वृत्तान्ताच्या सारांशात अप्पासाहेब भोसल्यांनी 'विश्वासघात' केला असे होते, तर घरात आम्ही 'सीताबर्डीची लढाई' असे अभिमानाने म्हणतो. त्याने काय लिहावे?

त्याने दोन्ही लिहावे, आणि दोन्हींमागचे कारणही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची लढाई झाली व कंपनी जिंकली. १८१६ मध्ये अप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केलेला होता. कंपनीच्या लेखकांनी कथा त्या तहापासून सुरू केली, म्हणून त्यांच्या दृष्टीने हल्ला हा विश्वासघात ठरला. आपण ती कथा राज्य गमावण्याच्या भीतीपासून सुरू करतो, म्हणून आपल्याला तो सुटकेचा प्रयत्न दिसतो. धंतोलीच्या बाईंना वर जे सांगितले तेच येथेही आहे: आरंभबिंदू ज्याच्या हातात, त्याच्या हातात विशेषण.

लढायांची आणि युद्धांची नावे हा तर स्वतंत्र कोश होईल. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला, रणगाड्यांसह, एका मेजर जनरलच्या नेतृत्वाखाली. पण त्याला नाव दिले गेले 'पोलीस कारवाई'. निजामाच्या सरकारने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतलेली असल्याने हा दोन देशांतला प्रश्न नसून घरातला बंदोबस्त आहे, हे त्या नावाने सांगायचे होते. मराठवाड्यातली जुनी माणसे अजूनही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात आणि शासकीय दिनदर्शिका 'मुक्तिसंग्राम' म्हणते. एकाच घटनेची ही दोन नावे शेजारी शेजारी सुखाने नांदतात. गोव्याच्या बाबतीत १९६१ मध्ये आपण 'मुक्ती' लिहिले आणि पोर्तुगालने 'आक्रमण'. पुढच्याच वर्षी आपल्यावर जे 'चिनी आक्रमण' झाले, त्याला चीन आजही 'स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला' म्हणतो. १९७१ मध्ये आपण ज्यांना 'मुक्तिवाहिनी' म्हणत होतो त्यांना पाकिस्तानचे सरकार आणि तेथील वृत्तपत्रे 'उपद्रवी' या अर्थाच्या शब्दाने संबोधत होती, आणि १६ डिसेंबर हा आपला 'विजय दिवस' तिकडे 'ढाक्याचे पतन' आहे.

कधी शब्द आपल्यावरही उलटतो. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बसलेल्यांना आपण 'घुसखोर' म्हणत राहिलो. तिरस्कार व्यक्त करायला तो चांगला शब्द होता. पण ते पाकिस्तानी सैन्याचेच जवान होते आणि पाकिस्तान त्यांना 'मुजाहिदीन' म्हणून हात झटकत होता, तेव्हा 'घुसखोर' या शब्दाने नकळत त्याचीच सोय होत होती. सर्वांत टोकाचे उदाहरण रशियाचे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये सैन्य घुसवल्यानंतर तेथील नियामक यंत्रणेने माध्यमांना 'युद्ध' आणि 'आक्रमण' हे शब्द वापरू नका असे बजावले. अधिकृत नाव होते 'विशेष लष्करी कारवाई'. मार्चच्या आरंभी सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. जेथे नामासाठी तुरुंग आहे, तेथे अग्रलेखाची चिकित्सा काय करणार?

मुलाला अजून एक शब्द जरूर दाखवा, तो म्हणजे 'गनिमी कावा'. मोगलांच्या फारसी कागदपत्रांत मराठ्यांचा उल्लेख 'गनीम', म्हणजे शत्रू, असा येतो. शत्रूने दिलेले नाव आपण इतके आपलेसे केले की आज तो शब्द अभिमानाने उच्चारला जातो. आणि किल्ला पाहून परतताना सीताबर्डीवरच गोवारी शहीद स्मारकाशी थोडे थांबा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. ते युद्ध नव्हते. पण कोणी 'चेंगराचेंगरी' म्हणते, कोणी 'हत्याकांड' म्हणते, आणि स्मारकावरचा शब्द 'शहीद' आहे. नावांचा हा झगडा समजून घेण्यासाठी नागपूरकराला फार दूर जावे लागत नाही.

प्रश्न : 'पाकव्याप्त काश्मीर' हा शब्द पक्षपाती आहे का? (सदर भाग, नागपूर)

होय, आणि 'आझाद काश्मीर' हाही. भारतीय वृत्तपत्राने भारताच्या अधिकृत भूमिकेनुसार पहिला वापरणे स्वाभाविक आहे. परदेशी वृत्तसंस्था 'पाकिस्तानच्या प्रशासनाखालील काश्मीर' असे लिहितात, त्यातही कोणी खूश होत नाही.

प्रश्न : युद्धावरच्या अग्रलेखांत महाभारत फार येते. 'धर्मयुद्ध', 'शिशुपालाचे शंभर अपराध भरले', 'कुरुक्षेत्र'. आमच्या पानठेल्यावर यावरून वाद झाला. एक गट म्हणतो, ही आपली संस्कृती आहे, त्यात गैर काय? दुसरा गट म्हणतो, ही चिथावणी आहे. (मानेवाडा)

महाभारत वापरण्यात गैर नाही. अर्धेच वापरण्यात आहे. अग्रलेखकार उद्योगपर्वातून शिष्टाई घेतात, भीष्मपर्वातून अर्जुनाचा विषाद आणि त्यावरचा उपदेश घेतात, आणि तेथेच ग्रंथ मिटतात. युद्धानंतर रणभूमीवर आपापली प्रेते शोधणाऱ्या स्त्रियांचे स्त्रीपर्व, किंवा झोपलेल्यांना कापणारे सौप्तिकपर्व, माझ्या आठवणीत एकाही अग्रलेखात आलेले नाही. आणि या सदराच्या विषयाला सर्वांत जवळचा प्रसंग तर द्रोणपर्वातला आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून 'अश्वत्थामा मेला' असे सांगितले गेले. वाक्य खरे होते, कोणता अश्वत्थामा एवढेच हळू आवाजात होते. आज आपण 'नरो वा कुंजरो वा' ही म्हण गुळमुळीत बोलण्यासाठी वापरतो, पण मूळ प्रसंगात ती खऱ्या माहितीने फसवण्याची रीत होती, आणि ती 'धर्माच्या' बाजूने वापरली गेली होती.

पुराणातल्या उपमांपेक्षा मला घरगुती उपमा अधिक खटकतात. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण पाणी तोडण्याविषयी किंवा नाकेबंदीविषयी लिहिताना हमखास येते. औषध न पिणाऱ्या हट्टी मुलाचे चित्र त्यात आहे. प्रत्यक्षात दाबले जाणारे नाक शेतकऱ्याचे असते आणि उघडायला हवे असते ते तोंड सरकारचे. तीच गोष्ट 'नांगी ठेचणे', 'वळवळ थांबवणे', 'कीड निपटणे' यांची. शत्रू विंचू किंवा कीड झाला की त्याच्याशी बोलणी करा असे लिहिणारा संपादकच वेडा ठरतो, आणि पुढे कधी बोलणी झालीच तर कालच्या किडीशी आज हस्तांदोलन कसे, हे समजावताना त्याच अग्रलेखाची तारांबळ उडते. पानठेल्यावरच्या दोन्ही गटांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लढाई थांबली तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी 'शस्त्रसंधी', 'युद्धविराम', 'युद्धबंदी' असे तिन्ही शब्द वापरले. हे एकाच अर्थाचे आहेत का? (स्पर्धापरीक्षेची विद्यार्थिनी, प्रतापनगर)

रोजच्या वापरात एकाच अर्थाचे, काटेकोर वापरात नाहीत. 'शस्त्रसंधी' यात 'संधी' आहे, म्हणजे दोन पक्षांनी जुळवून घेणे. कोरियातील लढाई जुलै १९५३ मध्ये अशाच लिखित शस्त्रसंधीने थांबली आणि शांततेचा तह तेथे आजतागायत झालेला नाही. 'विराम' म्हणजे थांबणे, त्यात पुन्हा सुरू होण्याची शक्यता गृहीत आहे. 'बंदी'त ती तितकीशी नाही. 'तह' हा या तिन्हींच्या पुढचा टप्पा: १९६५ ची लढाई सप्टेंबरात थांबली, पण करार ताश्कंदला १० जानेवारी १९६६ रोजी झाला.

१० मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी 'सीजफायर' हा इंग्रजीतला रूढ शब्द वापरून घोषणा केली. भारताच्या परराष्ट्र सचिवांनी मात्र, दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांत बोलणे होऊन गोळीबार व लष्करी कारवाई सायंकाळी पाच वाजल्यापासून थांबवण्याचे ठरले, असे सांगितले. आणि दोन दिवसांनी पंतप्रधानांनी कारवाई केवळ स्थगित असल्याचे म्हटले. यात मध्यस्थ नाही, करार नाही आणि शेवटही नाही, हे या शब्दयोजनेतून सूचित करायचे होते. म्हणून त्या दिवशीच्या अग्रलेखात 'शस्त्रसंधी' लिहिणाऱ्याने नकळत वॉशिंग्टनचे म्हणणे उचलले आणि 'कारवाई थांबली' लिहिणाऱ्याने दिल्लीचे. परीक्षेत विचारले तर 'युद्धविराम' लिहा. परीक्षक बहुधा त्याचेच गुण देतील.